मोठ्या मायचं औषध आणि टँकरचं पाणी

माझी थोरली चुलती कावीळ उतरवायची. आम्ही तिला मोठी माय म्हणायचो. चुलता तरुणपणीच गेला, तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ती आमच्यातच असायची. गेवराई तालुक्यातलं आमचं गाव गोदावरीपासून फार लांब नाही. रविवारी आणि बुधवारी सकाळी आमच्या दारासमोरच्या लिंबाखाली माणसं येऊन बसायची. उमापूरकडची यायची, नदीपलीकडची यायची, कधी बीडहून रिक्षा करून आलेलं एखादं नोकरदार जोडपंही दिसायचं. सगळी अनशापोटी. डोळे हळदीसारखे, तोंडं उतरलेली.

मोठी माय आधी डोळे बघायची, नखं बघायची, जेवण किती जातं ते विचारायची. मग आंब्याच्या सालीचं पाणी हाताला चोळायला सांगायची आणि पितळी परातीत चुन्याच्या निवळीनं ते हात धुवायला लावायची. परातीतलं पाणी बघता बघता पिवळं व्हायचं. बरोबर आलेली माणसं वाकून बघायची आणि म्हणायची, "उतरली, उतरली." त्यानंतर ती कसल्याशा पाल्याचा रस ताकातून प्यायला द्यायची आणि पथ्य सांगायची. तेल बंद, तिखट बंद, रानातलं काम बंद, पाणी उकळून गार केलेलं. पथ्य सांगताना तिचा आवाज चढायचा. "पथ्य मोडलं तर माज्याकडं परत यायचं न्हाई," हे ती मोठ्या बागायतदाराच्या बायकोलाही त्याच आवाजात ऐकवायची. कुणाकडून नारळसुद्धा घ्यायची नाही.

दहावीला असताना मला शंका आली. एका दुपारी मी माझे धडधाकट हात तसेच चोळले, तसेच धुतले. पाणी तसंच पिवळं झालं. मी परात उचलून तिच्यापुढे नेली. मला वाटलं, आता ही सापडली. ती हसली.

"मग? पानी चुन्यानं पिवळं व्हतं ते मला ठावं न्हाई व्हय? त्ये रोग्याच्या मनासाठी हाय. त्येला डोळ्यानं दिसाया पायजे की आता बरं व्हायला लागलंय. औषध निराळं. त्ये पाल्यात आन् पथ्यात."

मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगू नको असं ती म्हणाली नव्हती, पण घरातली गोष्ट घरात राहिली.

पुढे कॉलेज अर्धवट सोडून मी आमच्या भागातल्या एका सहकारी दूध संघात लागलो. शीतकरण केंद्रावर गावोगावच्या सोसायट्यांचं दूध यायचं. त्याचं फॅट तपासायचं आणि टँकर कुठून आला, कुठं गेला याचं रजिस्टर लिहायचं, एवढं माझं काम. नोकरी चेअरमनच्या शब्दावर मिळालेली होती. चेअरमन म्हणजे जमीनदार माणूस, तालुक्याच्या राजकारणात वजन असलेला. त्यांच्यापुढे आम्ही खुर्चीवर बसत नसू.

नंतर लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नाही. जनावरं चाऱ्याच्या छावणीत गेली, दूध आटलं, संघाच्या दोन टँकरपैकी एक नुसता उभा राहू लागला. इकडे गावांच्या विहिरी कोरड्या पडल्या. सरकारी टँकर चौथ्या-पाचव्या दिवशी यायचा आणि बायका हंड्यावर हंडा आदळत भांडायच्या. तेव्हा चेअरमननी उभा असलेला टँकर धुवून घेतला आणि पाणी आणायला लावला. नदीकाठच्या एका विहिरीवर तो भरायचा आणि आमच्या गावासकट आजूबाजूच्या गावांना पाणी द्यायचा. पहिल्या दिवशी बायकांनी टँकरला हळदीकुंकू लावलं. मला त्या दिवशी संघाचा अभिमान वाटला होता, हेही सांगितलं पाहिजे.

दोन महिने नीट गेले. मग एक दिवस टँकर नेहमीपेक्षा फार लवकर भरून आला. मी ड्रायव्हरला विचारलं.

"विहिरीनं तळ गाठला," तो म्हणाला. "नदीतल्या डोहातनं भरलंय."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच्याबरोबर गेलो. कोरड्या नदीच्या पात्रात एक डोह तेवढा उरला होता. पाणी हिरवट, काठाला साय धरलेली. वरच्या अंगाला छावणी होती. शेकडो जनावरं आणि त्यांच्यामागची माणसं तिथेच राहत होती, आणि सकाळच्या वेळी माणसं परसाकडला तिथल्याच वाळूत बसायची. डोहात जनावरं बुडत होती. त्याच पाण्यात आमचा पाइप सोडलेला.

दुपारी मी चेअरमनसमोर उभा राहिलो.

"साहेब, ते पाणी पिण्यासारखं न्हाई."

"मग पिण्यासारखं कुठं हाय ते सांग. हाय का तुज्याकडं?"

ते खुर्चीत मागे रेलले.

"टीसीएल पावडर टाक त्याच्यात. आन् रजिस्टरला विहीरच ठेव. बोंब झाली तर उद्या टँकर बंद पडंल. मग लोकं काय पितील बे? तूच सांग मला."

 याचं उत्तर मला आजही नीट सुचत नाही. पाणी शुद्ध करायच्या त्या पावडरचं पोतं जुनं होतं, गोळे झालेले, वाससुद्धा उडालेला. मी ती पावडर टाकली आणि रजिस्टरमध्ये 'विहीर' लिहिलं. पहिल्या दिवशी लिहिताना पेन अडखळला. आठ दिवसांनी अडखळेनासा झाला.

घरी मायला म्हणालो, "पानी उकळून पेत जा."

"उकळू कशावर? जळण कुठं हाय?" माय म्हणाली. तिचं खरं होतं. तुरीच्या वाळक्या तुराट्यासुद्धा लोकांनी जनावरांना घातल्या होत्या. का उकळायचं ते मी सांगितलं नाही, म्हणून तिनं ते मनावर घेतलं नाही. ती पाणी पदरानं गाळून घ्यायची.

मोठ्या मायनं मात्र एकदा हंड्यात नाक घातलं. "ह्या पान्याला शेवाळाचा वास येतो रे. कुठलं हाय?"

"विहिरीचं," मी म्हणालो.

त्याच महिन्यात माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचं सासर दिंद्रुडच्या बाजूला, खात्यापित्या घरातलं. सासूनं तिला स्वतः आणून सोडलं होतं.

साधारण दीड महिन्यानं गावात कावीळ सुरू झाली. आधी आमच्याच गल्लीतले दोघे, मग दुसऱ्या आळीत, मग टँकर जायचा त्या प्रत्येक गावात. लिंबाखाली रोज गर्दी होऊ लागली, वार पाळणं सुटलं. उपकेंद्राची नर्सबाई भली बाई होती. ती लोकांना सरळ सांगायची, "आमच्याकडं काविळीवर गोळी नसते. आराम करा, बाहेरचं खाऊ नका." आणि एका बुधवारी ती स्वतःच नवऱ्याला घेऊन मोठ्या मायकडे आली. मला पाहून जरा ओशाळली. "घरचे ऐकत न्हाईत हो," म्हणाली.

बहुतेक लोक तीन-चार आठवड्यांत बरे झाले. ती कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते, हे मला पुढे कळलं. गावाला तेव्हा परात दिसत होती. मोठी माय मात्र दिवसेंदिवस काळजीत दिसायची. हात धुता धुता एकदा ती मला म्हणाली, "एवढी कावीळ मी जल्मात पाह्यली न्हाई. ह्ये कुठनं येतंय?"

"उन्हाळा लई हाय," मी म्हणालो.

मग बहिणीला ताप आला, उलट्या सुरू झाल्या. दिवस भरत आलेत, होतं असं, असं सगळ्या बायका म्हणाल्या. मोठ्या मायनं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि ती लगेच उठली.

"हिला आत्ताच्या आत्ता बीडला न्या."

"साऱ्या मुलखाला औषध दिलं," माय म्हणाली, "आन् घरच्या लेकीलाच न्हाई?"

"पोटुशीला मी देत न्हाई. माज्या सासूनं मला ह्ये शिकवलं तवाच सांगितलं हुतं, पोटुशीची कावीळ निराळी असती. ती आपल्या हातची न्हाई. गाडी बघा."

निरोप गेल्यामुळे बहिणीची सासू आलेली होती. ती म्हणाली, "विहीनबाई, लोकं बीडहून तुमच्या दारात येत्यात आन् तुमी बीडला न्या म्हणता? आदी उतारा तरी करा." माय तर मोठ्या मायच्या पायावरच पडली. शेवटी मोठी माय कंटाळून म्हणाली, "हात धुती फकत. औषध देनार न्हाई. आन् उद्या सकाळच्या गाडीनं न्यायचं, बोला."

दोघी हो म्हणाल्या. बहिणीला भिंतीला टेकवून बसवलं. परातीतलं पाणी पिवळंधमक झालं. मायच्या चेहऱ्यावरचा ताण सुटताना मी पाहिला. बहिणीलाही बरं वाटलं. तिनं मऊ भाताचे दोन घास खाल्ले आणि म्हणाली, "दादा, उतरली वाटतं."

दुसऱ्या सकाळी कुणी निघालं नाही. उतरली आहे तर अवघडलेल्या पोरीला एस्टीचे धक्के कशाला, असं ठरलं. मोठी माय मायशी भांडली, सासूशी भांडली. शेवटी ती केंद्रावर मला शोधत आली. भर उन्हात चालत. एवढ्या वर्षांत ती तिथे कधी आली नव्हती.

"तू शिकलेला हाईस. तुला ठावं हाय पानी कशानं पिवळं झालं. तू सांग त्यांना. माजं त्यांना खोटं वाटतंय."

मी सांगायला हवं होतं. एकच वाक्य होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच चालू होतं. परातीत कावीळ उतरत नाही असं मी म्हणालो, तर कावीळ आली कुठून हे कुणीतरी विचारेल. तिथून ते टँकरपर्यंत येईल आणि टँकरपासून माझ्या रजिस्टरपर्यंत. मी म्हणालो, "उद्या बघू, मोठे माय."

तिसऱ्या दिवशी दुपारी बहीण असंबद्ध बडबडायला लागली. तिनं मायला ओळखलं नाही. जीप करून तिला बीडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मोठी माय सगळी वाट तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

तिथली डॉक्टर तरुण होती, माझ्याच वयाची. तिनं बहिणीला आत घेतलं, थोड्या वेळानं बाहेर आली आणि मला बाजूला बोलावलं.

"ही कावीळ पाण्यातून येते. तुमच्या गावात पाणी कुठून येतं?"

"टँकरनं."

"टँकर कुठे भरतात?"

मागे कुणीतरी ओळखीचं उभं आहे का, ते मी बघितलं. कुणी नव्हतं.

"विहिरीवर," मी म्हणालो. तिनं ते लिहून घेतलं.

मूल मेलेलंच जन्मलं. मुलगी होती. बहीण चार दिवस शुद्धीवर नव्हती. पाचव्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. आपलं मूल गेलं हे तिला मायनं सांगितलं. मी व्हरांड्यात उभा होतो, आत गेलो नाही.

त्यानंतर आरोग्य खात्याची जीप गावात आली. त्यांनी पाण्याचे नमुने घेतले. पण तोवर चेअरमननी टँकर लांबच्या एका चांगल्या विहिरीवर लावला होता, त्यामुळे पाण्यात काही सापडलं नाही. त्यांना सापडली ती मोठी माय. गर्भवती बाईला गावठी उतारा केला, दवाखान्यात न्यायला उशीर झाला, मूल गेलं. सांगायला साक्षीदार होते आणि त्यातली एक माझी स्वतःची आई होती. ती रडत रडत म्हणाली, "हात धुतले हो, पानी पिवळं झालं हुतं." एका स्थानिक पेपरात बातमी आली. तिच्यात नाव नव्हतं, पण 'भोंदू बाई' असा शब्द होता.

पोलीस ठाण्यात बोलावणं आलं तेव्हा मी तिला मोटरसायकलवर घेऊन गेलो. फौजदार वाईट बोलला नाही. त्यानं एक कागद वाचून दाखवला, यापुढे कुणालाही औषध देणार नाही असा. मोठी माय म्हणाली, "साहेब, मी पोटुशीला औषध दिलं न्हाई. बीडला न्या म्हणून मीच सांगितलं. इचारा ह्याला."

फौजदारानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "हो साहेब, तिनं सांगितलं होतं."

"मग हात कावून धुतले?"

 तिनं कागदावर अंगठा दिला.

परत येताना रस्त्याकडेच्या एका बाभळीखाली मी गाडी थांबवली आणि तिला सावलीत बसवून सगळं सांगितलं. डोह, छावणी, पावडरचं पोतं, रजिस्टर, डॉक्टरला दिलेलं उत्तर. मला वाटलं होतं, ती पाठीवरून हात फिरवील. लहानपणापासून तिनं तेच केलं होतं. ती उठून माझ्यापासून दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली.

"तवा कावून न्हाई बोललास? मी इचारलं हुतं तुला. दोनदा इचारलं हुतं."

"चेअरमन..."

"चेअरमनचं ऱ्हाऊ दे. मला सांगायचं. मी साऱ्या गावाला पानी उकळाया लावलं असतं. दारंखिडक्या जाळून उकळलं असतं लोकांनी. माजं ऐकत हुते लोक. नर्सबाईचं ऐकत न्हवते, तुज्या संघाचं ऐकत न्हवते, माजं ऐकत हुते." तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "मी बसले हात धुवत आन् तू बसला लिहीत."

ती गाडीवर परत बसली नाही. तिथून गाव दीड-दोन कोस असेल. ती चालत आली आणि मी गाडी ढकलत तिच्या मागे.

तिनं कागदाला दिलेला शब्द पाळला. माणसं येतच राहिली. ती त्यांना पथ्य सांगायची, पाणी उकळा म्हणायची, बीडला जाऊन रक्त तपासा म्हणायची, पण परात काढायची नाही. लोक चिडायचे. शेजारच्या तालुक्यात एक माणूस काविळीवर मनगटाला तापल्या सळईचा डाग द्यायचा, लोक तिकडे जायला लागले. आमच्याच गल्लीतला एक जण तिथून आला तेव्हा त्याचा हात कोपरापर्यंत सुजलेला, जखमेत पू. त्याला दवाखान्यात दोन आठवडे काढावे लागले. मोठी माय त्याला बघून आली आणि त्या दिवशी जेवली नाही. तिनं औषध बंद करून चांगलं झालं की वाईट, हे मला ठरवता आलेलं नाही.

मी संघातली नोकरी सोडली नाही. पुढे संघच बंद पडला, तोवर तिथेच होतो. चेअरमनवर कधी काही आलं नाही, आणि माझ्यावरही नाही. मोठी माय माझ्याशी बोलायची, ताट वाढायची, पण मी आणलेलं पाणी प्यायची नाही. मी हंडा भरून ठेवला तर स्वतःचा तांब्या वेगळा भरून आणायची. सहा वर्षांनी ती गेली. पाला कसला होता ते तिनं कुणालाच शिकवलं नाही.

बहिणीला पुढे बीडच्याच दवाखान्यात मुलगी झाली. ती मुलगी अकरा वर्षांची असताना एका सकाळी बहिणीचा फोन आला.

"दादा, पोरीला कावीळ झालीय. मोठ्या मायचा पाला कुनाला ठावं हाय का गावात?"

 "तुला? तुला पाहिजे तो पाला?"

"मग? मोठ्या मायनं वाचवले की लोकं. माजं नशीब खोटं निघालं, तिचा काय दोष?"

पोरीला आधी दवाखान्यात ने, असं मी सांगितलं. ती म्हणाली, कालच नेलं, रक्त तपासलं, डॉक्टर घाबरू नका म्हणाले. "पन दवाखाना बी करायचा आन् हे बी करायचं. एक केलं आन् एक ऱ्हायलं, तर मन खात ऱ्हातं." फोनवरून तिचा आवाज अगदी मायसारखा येत होता. आणि मग, इतक्या वर्षांनी, मी तिला डोहाचं आणि रजिस्टरचं सगळं सांगितलं. ती पोरीच्या उशाशी बसलेली असताना. याहून वाईट वेळ शोधून सापडली नसती.



"हे आता कावून सांगितलंस?" ती म्हणाली.

"राहवलं न्हाई."

"तुला राहवलं न्हाई." तिनं माझे शब्द सावकाश परत म्हटले. "माय गेली, मोठी माय गेली. मला माहेर म्हनून एकच घर ऱ्हायलंय. ते बी तू आज..."  मागे पोर पाणी मागत होती. तिनं फोन ठेवला.

पोर महिनाभरात बरी झाली. माजलगावकडच्या कुठल्याशा बाईकडून हात धुवून आणले होते, असं पाव्हण्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, मला सांगितलं. बहिणीनं सांगितलं नाही. त्या वर्षी भाऊबीजेला ती येणार नाही असंच मी धरून चाललो होतो. ती आली. पोरीला घेऊन, नवं लुगडं नेसून, नेहमीसारखी दुपारच्या गाडीनं. माझ्या बायकोशी बोलली, स्वयंपाकाला हात लावला, पोरीला गल्लीत खेळायला पाठवलं. पाट मांडून तिनं मला ओवाळलं, कुंकू लावलं, साखर तोंडात घातली. या सगळ्यात तिनं एकदाही वर पाहिलं नाही. मी काही बोलायला गेलो तेव्हा ती ताट उचलून आत निघून गेली.